ऑगस्टिनच्या मागावर कँटरबरी : एका पायी फेरीचे परीक्षण

लंडनला मुलांकडे महिना-दोन महिने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत कँटरबरी असतेच असे नाही, आणि असली तरी ती बहुतेक वेळा डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांना जोडून, मोठ्या कॅथीड्रलपुरती, बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा बसमध्ये बसण्यापुरतीच असते. येथे ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती निराळी आहे. इ. स. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या आणि पुढे कँटरबरीचा पहिला आर्चबिशप झालेल्या ऑगस्टिनच्या कामाभोवती बेतलेली, सुमारे तीन तासांची एक पायी फेरी तेथील एक छोटी स्थानिक संस्था चालवते. संस्था दोन-चार माणसांची आहे आणि पुढे काही उणिवाही नोंदवायच्या आहेत, म्हणून तिचे नाव देत नाही. शिवाय कॅथीड्रल, ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आणि सेंट मार्टिनचे चर्च ही तिन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि १९८८ पासून ती एकत्रितपणे जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे थोडी तयारी केली तर हीच फेरी कोणालाही स्वतःची स्वतः करता येईल. तशी ती करावी की पैसे देऊन गाईड घ्यावा, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम थोडा खुलासा. हा ऑगस्टिन म्हणजे उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा प्रसिद्ध तत्त्वज्ञ बिशप नव्हे. तो याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, ४३० मध्ये वारला. आपला ऑगस्टिन रोममधील सीलियन टेकडीवरच्या सेंट अँड्र्यूच्या मठात प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी होता. तो मठ पहिल्या ग्रेगरीने स्वतःच्या वडिलोपार्जित घरात स्थापन केला होता, आणि पोप झाल्यावर त्याच ग्रेगरीने ५९६ मध्ये या माणसाला ब्रिटनच्या अँग्लो-सॅक्सन लोकांकडे धर्मप्रसारासाठी पाठवले. रोमन फौजा पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटन सोडून गेल्या होत्या, त्यांच्यामागून समुद्रापलीकडून आलेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्यांनी पूर्व आणि दक्षिण भागांत आपापली राज्ये थाटली होती, आणि त्यांचे देव वोडन, थुनोर हे होते. वाटेत गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पोचल्यावर या मंडळींचा धीर सुटला. ज्यांची भाषाही आपल्याला येत नाही अशा रानटी लोकांत जाण्यापेक्षा घरी परतलेले बरे, असे ठरवून त्यांनी ऑगस्टिनलाच रोमला परत पाठवले, आणि ग्रेगरीने त्याच्या हाती पत्र देऊन त्याला पुन्हा वाटेला लावले. फेरीची सुरुवात गाईडबाईंनी याच माघारीच्या प्रसंगाने केली, आणि ती मला मनापासून आवडली. संताची गोष्ट त्याच्या अवसान गळण्यापासून सांगायला सुरुवात करणारा गाईड आपल्याला तीन तास कंटाळवाणे होऊ देणार नाही, याची खात्री तेथेच पटते.

या बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या असाव्यात, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. आवाज खणखणीत, वाक्ये पूर्ण, आणि उत्तर ठाऊक नसेल तेथे ठाऊक नाही असे सरळ सांगण्याची सवय. त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकचे आवरण घातलेली काही चित्रे होती. त्यांपैकी एक सहाव्या शतकात इटलीत लिहिलेल्या आणि परंपरेने ऑगस्टिनच्या नावाशी जोडलेल्या शुभवर्तमानांच्या हस्तलिखिताचे होते. मूळ हस्तलिखित आता केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे आणि नव्या आर्चबिशपच्या अधिष्ठापनेच्या वेळी ते कँटरबरीला आणले जाते. त्यातील एका पानावर येशूच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग बारा चौकोनांत रंगवलेले आहेत, आणि अक्षरओळख नसलेल्या राजदरबारात असे पान उघडले तर काय परिणाम होत असेल हे त्या एका चित्राने जेवढे समजले तेवढे नंतरच्या कोणत्याही फलकाने समजले नाही. गटात बाराच्या आसपास माणसे होती, त्यामुळे चित्र हातात घेऊन नीट पाहता आले. मोठ्या गटांच्या फेऱ्यांत ही सोय नसते.

फेरी कॅथीड्रलपासून सुरू होते, आणि माझ्या मते संस्थेची सर्वांत मोठी चूक हीच आहे. आज दिसणारे कॅथीड्रल नॉर्मन आणि त्यानंतरच्या काळातले आहे. ऑगस्टिनने येथे उभारलेले मूळ चर्च वाढत वाढत मोठे झाले आणि १०६७ च्या आगीत भस्मसात झाले, आणि त्याचा पाया १९९३ मधील उत्खननात आजच्या फरशीखाली, रोमन रस्त्याच्या वरच्या थरात सापडला. तो पाया पुन्हा झाकलेला आहे. म्हणजे येथे ऑगस्टिनचे दिसण्यासारखे काहीही नाही. सेंट ऑगस्टिनची खुर्ची म्हणून दाखवले जाणारे संगमरवरी सिंहासनदेखील तेराव्या शतकातले आहे. हे बाईंनी न विचारता सांगितले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. परंतु दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे जे व्हायचे तेच झाले, आणि फेरी टॉमस बेकेटकडे वळली. ११७० च्या डिसेंबरात चार सरदारांनी आर्चबिशप बेकेटला याच कॅथीड्रलमध्ये ठार मारले, ती जागा, तेथील तलवारींचे आधुनिक शिल्प, यात्रेकरूंच्या पावलांनी झिजलेल्या पायऱ्या, हे सगळे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण ऑगस्टिनच्या नावाने पैसे घेतलेल्या फेरीचा जवळपास पाऊण तास त्याच्या मृत्यूनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी झालेल्या खुनावर खर्च झाला, आणि त्याची भरपाई पुढे दोन महत्त्वाच्या ठिकाणी घाई करून करावी लागली. कॅथीड्रलचे प्रवेशशुल्क फेरीच्या शुल्कात धरलेले नाही, ही बाबही नोंदणीच्या वेळी पुरेशा ठळकपणे सांगितलेली नव्हती.

कॅथीड्रलच्या आवारातून पूर्वेकडे बाहेर पडल्यावर लेडी वूटन्स ग्रीन नावाची छोटी हिरवळ लागते. तेथे केंटचा, म्हणजे कँटरबरीच्या भोवतालच्या राज्याचा, राजा एथेलबर्ट आणि त्याची राणी बर्था यांचे ब्राँझचे पुतळे समोरासमोर उभे आहेत. फेरीचा सूर येथे पहिल्यांदा नीट लागला. ऑगस्टिन सुमारे चाळीस माणसांसह आणि वाटेत गॉलमध्ये घेतलेल्या फ्रँक जमातीच्या दुभाष्यांसह केंटच्या पूर्व टोकाच्या थॅनेट बेटावर उतरला, तेव्हा राजाने त्याला तेथेच थांबवले, आणि भेट घेतली ती उघड्यावर, छपराखाली नव्हे. कारण परक्या माणसाने जादूटोणा करायचा ठरवले तर तो घराच्या आत अधिक चालतो अशी समजूत होती. रोमहून आलेली मंडळी चांदीचा क्रूस आणि फळीवर रंगवलेले ख्रिस्ताचे चित्र पुढे धरून, प्रार्थना गात आली. राजाचे उत्तर फार विचारी आहे. तुमचे बोलणे चांगले आहे, पण ते माझ्यासाठी नवे आहे, आणि माझ्या सगळ्या लोकांनी इतका काळ जे पाळले ते मी एकाएकी सोडू शकत नाही. तरीही तुम्ही लांबून आला आहात, तेव्हा तुम्हाला त्रास होणार नाही, तुमच्या पोटापाण्याची सोय होईल आणि तुम्ही उपदेश करायला मोकळे आहात, असा त्याचा आशय. या साऱ्याची माहिती आपल्याला बीड या साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासातून मिळते. बाईंनी बीडचे नाव घेतले, पण इंग्लंडच्या पार उत्तर टोकाकडच्या मठात बसून, सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्याला हे कळले कसे, हे सांगितले नाही. त्याला बरीचशी माहिती पुरवली ती याच कँटरबरीच्या मठाचा अधिपती अल्बिनस याने, आणि नॉथेल्म नावाच्या लंडनच्या धर्मगुरूने रोमला जाऊन तेथील दप्तरातून ग्रेगरीच्या पत्रांच्या नकला आणल्या. ज्या मठाच्या दाराशी आपण उभे आहोत तेथूनच ही कथा बाहेर पडली, हे सांगण्याची संधी येथे हुकली.

मठाचे अवशेष हा फेरीचा गाभा. येथे वेगळे तिकीट लागते. आधी छोटे संग्रहालय आणि मग विस्तीर्ण हिरवळीवर पसरलेले पाये, काही ठिकाणी माणसाच्या उंचीच्या भिंती, असे त्याचे स्वरूप आहे. रोमन रिवाजाप्रमाणे शहराच्या तटाच्या आत दफन करत नसत, म्हणून ऑगस्टिनने आपला मठ तटाबाहेर वसवला आणि केंटचे राजे व कँटरबरीचे आर्चबिशप यांचे दफन येथे व्हावे असे ठरवले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला, काही भागाचा राजवाडा केला, आणि नंतरच्या शतकांत या पवित्र भूमीवर बिअर गाळण्याची भट्टी आणि करमणुकीची बाग चालली. त्यामुळे जे उरले आहे ते डोळ्यांना थोडे आणि कल्पनेला फार, असे आहे. वेरूळ किंवा हंपी पाहिलेल्या माणसाला पहिल्या नजरेत येथे निराशाच वाटेल, आणि नेमके याच ठिकाणी गाईडच्या शुल्काचा मोबदला मिळतो.

हिरवळीच्या उत्तर अंगाला, छोट्या आधुनिक छपराखाली, जमिनीत तीन थडग्यांच्या जागा दिसतात. लॉरेन्स, मेलिटस आणि जस्टस, म्हणजे ऑगस्टिनच्या पाठोपाठ आलेल्या तीन आर्चबिशपांच्या या मूळ जागा आहेत. दगड-चुन्याचे लांबट कोनाडे, बाजूला साधी नावाची पाटी; एरवी मी तेथून पुढे निघून गेलो असतो. बाईंनी मात्र आम्हाला त्यांच्याभोवती उभे केले आणि ६१६ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी एथेलबर्ट, जो दरम्यान ख्रिस्ती झाला होता, वारला, त्याचा मुलगा एडबाल्ड याने नवा धर्म झुगारून बापाच्या दुसऱ्या बायकोशी लग्न लावले, आणि वीस वर्षांचे काम पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळू लागले. तिकडे लंडनमध्ये ख्रिस्ती राजा सेबर्टच्या मागे त्याच्या मुलांनी मेलिटसकडे मागणी केली की आमच्या बापाला उपासनेत प्रसाद म्हणून देत होता ती पांढरी भाकर आम्हालाही दे. बाप्तिस्मा घेतल्याशिवाय ती मिळणार नाही असे त्याने सांगताच त्यांनी त्याला शहराबाहेर काढले. मेलिटस आणि जस्टस गॉलला पळाले. लॉरेन्सही निघणार होता, पण निघण्याच्या आदल्या रात्री तो याच मठाच्या चर्चमध्ये झोपला, आणि बीडच्या म्हणण्याप्रमाणे सेंट पीटरने स्वप्नात येऊन, कळप सोडून पळतोस म्हणून त्याला चाबकाने फोडून काढले. सकाळी त्याने पाठीवरचे वळ राजाला दाखवले, राजा हादरला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. वळ खरे की रचलेले, हा वाद बाईंनी आमच्यावर सोडला. लॉरेन्सच्या थडग्यापासून दोन हातांवर उभे राहून ही गोष्ट ऐकताना मला जाणवले ते असे की ऑगस्टिनचा धर्म त्या काळी एका राजाच्या मर्जीवर उभा होता आणि ती मर्जी संपली तेव्हा पळालेले किंवा पळू पाहणारे ते तिघे येथेच ओळीने पुरले गेले.

ग्रेगरी आणि ऑगस्टिन यांच्या पत्रव्यवहाराकडेही येथे वेळ दिला गेला, आणि हा भाग मराठी वाचकाला विशेष विचार करायला लावणारा आहे. ऑगस्टिनने पोपला विचारलेले प्रश्न एखाद्या भित्र्या, काटेकोर कारकुनाचे वाटतात: देणग्यांची वाटणी कशी करावी, चर्चमधून चोरी करणाऱ्याला शिक्षा काय द्यावी, दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले तर चालेल काय. ग्रेगरीची उत्तरे मात्र मोकळी आहेत. रोम आणि गॉल यांच्या पूजाविधींत फरक दिसला तर ज्या ठिकाणी जे चांगले असेल ते घ्यावे, असे तो सांगतो. ६०१ मध्ये मेलिटसला लिहिलेल्या पत्रात तर त्याने कळवले की त्या लोकांची देवळे पाडू नका. आतल्या मूर्ती नष्ट करा, पवित्र जल शिंपडा, वेदी उभारा, आणि बैल कापून जेवणावळी घालण्याची त्यांची प्रथा संतांच्या सणांना जोडून चालू ठेवा, म्हणजे ओळखीच्या जागी लोक सहज येतील. हे पत्र उदारमतवादाचा नमुना म्हणून नेहमी वाचून दाखवले जाते आणि बाईंनीही तसेच वाचले, पण त्याच सुमारास ग्रेगरीने खुद्द एथेलबर्टला मूर्तिपूजा दडपून टाकण्याचा आणि देवळे पाडण्याचा सल्ला लिहिला होता, याचा उल्लेख झाला नाही. दोन्ही पत्रे शेजारी ठेवली तरच धोरण कसे बदलत गेले ते दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात गोव्यातील तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत देवळे कशी पाडली गेली हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी ही दोन पत्रे एकत्रच वाचावीत. त्याच शतकात, १५७९ मध्ये, गोव्यात येऊन मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा रचणारा टॉमस स्टीफन्स हा याच इंग्लंडातला होता. दुभाषे घेऊन उतरलेल्या ऑगस्टिनपेक्षा तो भाषेच्या बाबतीत कितीतरी पुढे गेला, एवढे त्या हिरवळीवर उभे असताना मनात आल्यावाचून राहिले नाही.

हिंदुस्थानाशी असलेला दुसरा धागा मठाच्या आवारातच आहे. मोडकळीला आलेली ही जागा १८४४ मध्ये बेरेसफर्ड होप या श्रीमंत गृहस्थाने विकत घेतली आणि १८४८ मध्ये येथे मिशनरी कॉलेज सुरू झाले, ज्यातून हिंदुस्थानासह साम्राज्याच्या सगळ्या वसाहतींत धर्मोपदेशक पाठवले जात. ग्रीनलंडमधून आलेला काल्लिहिरुआ नावाचा इनुइट तरुणही येथे शिकत होता. एकेकाळी जेथे परदेशी मिशनरी येऊन उतरले तेथून मिशनरी परदेशी जाऊ लागले, असा हा उलटा प्रवाह. आता त्या इमारती शाळेच्या ताब्यात आहेत आणि बाहेरूनच पाहाव्या लागतात, म्हणून गाईडने त्या दोन वाक्यांत आटोपल्या. सातव्या शतकातल्या येथील विद्यालयाबद्दल मात्र त्या चांगले बोलल्या. टार्ससहून आलेला थिओडोर ६६९ मध्ये आर्चबिशप म्हणून पोचला आणि त्याच्या पाठोपाठ उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हेड्रियन या मठाचा अधिपती झाला. या दोघांनी येथे ग्रीक आणि लॅटिन असे शिकवले की त्यांचे काही शिष्य बीडच्या काळातही त्या भाषा मातृभाषेइतक्या सहज बोलत.

यानंतर लाँगपोर्टच्या रस्त्याने, २०१३ मध्ये बंद झालेल्या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवरून, सेंट मार्टिनच्या चर्चकडे जायचे. उतारावरच्या दफनभूमीतले हे लहानसे चर्च इंग्रजी भाषिक जगात अजून उपासना चालू असलेले सर्वांत जुने चर्च समजले जाते. बर्था ही पॅरिसच्या फ्रँक राजाची, करिबर्टची, मुलगी. तिला तिचा धर्म पाळू दिला जाईल या अटीवर तिचे लग्न एथेलबर्टशी झाले आणि लिउडहार्ड नावाचा बिशप तिच्यासोबत माहेरहून आला. रोमन काळातल्या जुन्या वास्तूत त्यांची प्रार्थना चाले, आणि ऑगस्टिनच्या मंडळींनी सुरुवातीला उपासना, उपदेश आणि बाप्तिस्मे केले ते येथेच. वेदीकडच्या भागाच्या दक्षिण भिंतीत बाहेरून पाहिले तर पातळ, तांबूस रोमन विटांचे थर दिसतात. त्यांत सपाट पाषाणाच्या तुळईचे, आता बुजवलेले एक दार आहे आणि त्याच्या शेजारी अर्धगोल कमानीचे दुसरे, सॅक्सन काळातले. विटांवर तळहात ठेवला की चुना भुकटी होऊन बोटांना लागतो, आणि कोपऱ्यावर एखाददुसरी वीट इतकी सैल दिसते की हात आपोआप मागे येतो. बर्था ज्या भिंतीजवळून गेली असेल अशी, आजही छपराखाली उभी असलेली भिंत अख्ख्या शहरात एवढीच आहे. दफनभूमीत एकोणिसाव्या शतकात लिउडहार्डच्या नावाचे नाण्यासारखे सोन्याचे पदक सापडले, ते आता लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे. त्याचे चित्र बाईंच्या पिशवीत होते.

आणि येथे आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. त्यांतली काही रुपर्ट नावाच्या अस्वलाची चित्रकथा काढणाऱ्या मेरी टूर्टेल यांच्या कबरीपाशी गेली; ब्रिटिश आजी-आजोबा तेथे हरखले, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही फेरी उलट्या क्रमाने व्हायला हवी. आधी बर्थाचे चर्च, मग मठ, आणि वेळ उरल्यास कॅथीड्रल. या क्रमाने चालले की ऑगस्टिन ओसाड जमिनीत बी पेरायला आलेला एकटा वीर वाटत नाही. राणीचा बिशप आधीच तेथे होता, चर्च होते, दरबारात येशूचे नाव परिचयाचे होते, आणि रोमचा माणूस आला तो अशा घरात जेथे दार अर्धे उघडे होते. खुद्द ग्रेगरीने ६०१ मध्ये बर्थाला लिहिलेल्या पत्रात, नवऱ्याचे मन तुम्ही यापूर्वीच वळवायला हवे होते, असा सौम्य टोमणा मारला आहे. तो टोमणा या चर्चच्या दाराशी वाचून दाखवण्याजोगा आहे. फेरीत तो कोठेच आला नाही.

आणखी दोन गोष्टी वगळल्या गेल्या, आणि त्यांच्याशिवाय ऑगस्टिन प्लॅस्टरचा संत होऊन बसतो. पहिली, पश्चिमेकडील ब्रिटन, म्हणजे सॅक्सनांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या, बिशपांशी झालेली त्याची भेट. रोमन काळापासून ख्रिस्ती असलेल्या या लोकांनी ईस्टरची तारीख आणि बाप्तिस्म्याचा विधी रोमप्रमाणे पाळावा आणि सॅक्सनांना उपदेश करण्यात साथ द्यावी, असा त्याचा आग्रह होता. त्यांना एका एकांतवासी साधूने सल्ला दिला की तुम्ही याल तेव्हा तो उठून उभा राहिला तर नम्र समजा आणि ऐका, बसून राहिला तर ऐकू नका. ऑगस्टिन बसून राहिला. बोलणी तेथेच फिसकटली. दुसरी गोष्ट एथेलबर्टच्या कायद्यांची. इंग्रजी भाषेत लिहिलेला हा सर्वांत जुना ज्ञात दस्तऐवज, आणि त्याच्या पहिल्याच कलमात चर्चच्या मालमत्तेच्या चोरीची भरपाई १२ पट, बिशपच्या मालमत्तेची ११ पट, धर्मगुरूच्या ९ पट, अशी उतरंड लावलेली आहे. राजाच्या मालमत्तेची भरपाई ९ पटच आहे. परक्या भाषेत बोलणारा, दुभाष्यांवर अवलंबून असलेला बिशप काही वर्षांतच कागदावर राजाच्या वर गेला, याहून त्याच्या यशाचा बोलका पुरावा कोणता असेल? या कायद्याची बाराव्या शतकातली एकमेव प्रत रॉचेस्टरच्या कॅथीड्रलची आहे, तेव्हा ती दाखवता येणार नाही हे मान्य. पण ते कलम एका कार्डावर छापून आणायला काहीच हरकत नव्हती.

व्यवहाराच्या बाबी. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून जलद गाडीने कँटरबरी वेस्ट एका तासाच्या आत येते, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे सहज जमते. चालणे एकूण फार नाही, परंतु मठाच्या आवारातली जमीन उंचसखल आणि पावसानंतर निसरडी असते, आणि सेंट मार्टिनच्या दफनभूमीत चढ व पायऱ्या आहेत; गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी आणि चांगल्या तळव्याचे बूट घ्यावेत, चपला नकोत. बसायला बाक मधूनमधून आहेत, पण गाईड उभ्यानेच बोलतात. लहान मुलांसाठी ही फेरी नाही. बारा-तेरा वर्षांपुढच्या, गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना लॉरेन्सचे वळ आणि पांढरी भाकर आवडतील. फेरीच्या शुल्कात चहा-केक धरलेला होता, तो एका लहान चहागृहात मिळाला. केक शिळा होता, आणि त्यात अंडे आहे काय या प्रश्नाला तीन जणांकडून तीन उत्तरे आली, तेव्हा शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर न्यावा हे उत्तम. मठाच्या हिरवळीवर बसून खाता येते. मोठ्या रस्त्यावर भारतीय जेवणही मिळते.

ज्यांना इतिहासात रस आहे आणि इंग्रजी ऐकण्याची सवय आहे त्यांनी गाईड घ्यावा, कारण मठात गाईडशिवाय हिरवळ आणि दगड यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. कॅथीड्रल हेच ज्यांचे मुख्य आकर्षण आहे त्यांनी या फेरीच्या नादी लागू नये. त्यांनी कॅथीड्रलमध्ये दोन तास स्वस्थपणे घालवावेत, तेवढ्या वेळाचे ते आहेच. पाचपैकी साडेतीन तारे देतो. त्यातले तीन एकट्या गाईडबाईंचे.

फेरीचा क्रम उलटा करावा ही सूचना मी संस्थेला ईमेलने कळवली. दोन दिवसांत सविस्तर उत्तर आले. सेंट मार्टिनचे चर्च स्वयंसेवकांच्या भरवशावर ठरावीक दिवशी, ठरावीक तासच उघडे असते, त्यामुळे सकाळच्या फेरीत ते शेवटी ठेवण्यावाचून इलाज नाही; मात्र पुरेशी माणसे झाली तर दुपारची फेरी तेथून सुरू करायला आणि कॅथीड्रल पूर्ण वगळायला संस्था तयार आहे. चार-सहा जणांचा गट जमवून जाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच तशी मागणी करावी, आणि निघण्यापूर्वी त्या दिवशी चर्च खरोखर उघडे आहे काय ते विचारून घ्यावे.